‘ट्रेन!’ असं का ओरडायचं? जुन्या ऑनलाइन सर्व्हरचे नियम आपण शिकतो कसे

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की लोक दोनपैकी एक प्रश्न विचारतात. एक, “म्हणजे तुला गेम खेळायचे पैसे मिळतात?” आणि दोन, “ते ठीक आहे, पण विषय काय?” आजची पोस्ट दुसऱ्या प्रश्नासाठी. (पहिल्याचं उत्तर: फेलोशिप मिळते, वेळेवर मिळत नाही.)

विषय एका वाक्यात असा: जे नियम कुणी नीट लिहून ठेवलेले नसतात, ते नवा माणूस कसे शिकतो? हे पाहायला मी जी जागा निवडली ती म्हणजे ‘एव्हरक्वेस्ट’ या ऑनलाइन खेळाचा जुन्या पद्धतीचा एक सर्व्हर. एव्हरक्वेस्ट मार्च 1999 मध्ये आला. यात तुम्ही एक पात्र घेता, राक्षस मारता, अनुभवाचे गुण मिळवता, वरच्या पातळीवर जाता. हे सगळं एकट्याने नाही, तर त्याच वेळी त्याच जगात वावरणाऱ्या शेकडो अनोळखी माणसांमध्ये. सर्व्हर म्हणजे त्या जगाची एक प्रत, स्वतःची वस्ती असलेली. पुढे मूळ खेळ बदलत गेला, सोपा होत गेला. म्हणून काही लोकांनी 1999 सालचा खेळ जसाच्या तसा पुन्हा उभा केला. अशांपैकी ‘प्रोजेक्ट 1999’ सगळ्यात प्रसिद्ध, तो 2009 पासून चालू आहे. मी ज्या सर्व्हरवर फील्डवर्क केलं त्याचं नाव मात्र मुद्दाम देत नाहीये, कारण तिथली माणसं खरी आहेत आणि पुढे त्यांची भांडणं येणार आहेत.

आधी माझी चूक

क्रशबोन नावाचा ओर्क लोकांचा एक किल्ला आहे. नवखे खेळाडू तिथे हमखास जातात. माझं पात्र आठव्या पातळीचं होतं. मी एका ओर्कला मारायला गेले आणि त्याच्या हाकेला आणखी चार धावून आले. मी पळत सुटले.

आता इथे खेळाच्या रचनेतली एक गोष्ट समजून घ्या. एव्हरक्वेस्टचं जग तुकड्यांमध्ये विभागलेलं आहे. एका तुकड्यातून दुसऱ्यात गेलात की मागे लागलेले राक्षस हद्द ओलांडू शकत नाहीत. म्हणजे हद्दीपर्यंत पोचलात की तुम्ही वाचलात. राक्षसांचं काय? ते माघारी फिरतात आणि वाटेत जो दिसेल त्याच्यावर तुटून पडतात. हद्दीजवळ तर नेहमी नवखीच मंडळी दमून बसलेली असतात, जखमा भरून यायची वाट बघत.

मी हद्द ओलांडून हुश्श केलं. माझ्यामागे तिघं मेली.

“मेली” म्हणजे काय, तेही सांगते. या खेळात मरण स्वस्त नाही. अनुभवाचे गुण कमी होतात, तुमचं सगळं सामान मेल्या जागी प्रेताजवळ पडून राहतं आणि तुम्ही दुसरीकडे कुठेतरी रिकाम्या हाताने जागे होता. नकाशा खेळात नाही. आपलंच प्रेत शोधत त्याच किल्ल्यात परत जायचं, तेही हत्याराशिवाय. तिघांची संध्याकाळ मी वाया घालवली होती. संध्याकाळ त्यांची, माझ्याकडे सकाळचे सात वाजले होते आणि कुकरची दुसरी शिट्टी होत होती.

एकाने मला शिव्या दिल्या आणि ‘इग्नोर’ केलं. दुसरा काहीच बोलला नाही. तिसऱ्याने खासगी निरोप पाठवला, त्याचा मराठीत अर्थ असा: “मागे राक्षस लागले की सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘ट्रेन’ लिहायचं, मग पळायचं. आता आधी माफी माग.”

तीन थरांचे नियम

त्या दिवशी मी जे मोडलं तो नेमका कुठला नियम होता? अशा सर्व्हरवर नियमांचे तीन थर असतात.

पहिला थर प्रोग्रॅमचा. राक्षस हद्द ओलांडत नाहीत, हा नियम. तो मोडताच येत नाही, जसं गुरुत्वाकर्षण मोडता येत नाही. कायद्याचे अभ्यासक लॉरेन्स लेसिग यांनी 1999 मध्येच, म्हणजे हा खेळ आला त्याच वर्षी, एका पुस्तकात मांडलं होतं की इंटरनेटवर प्रोग्रॅम हाच एक प्रकारचा कायदा असतो.

दुसरा थर लिहिलेल्या नियमांचा. मुद्दाम दुसऱ्यांच्या अंगावर राक्षस घालू नका, दुसऱ्याची शिकार पळवू नका, वगैरे. मोडलात तर व्यवस्थापक शिक्षा करू शकतात.

तिसरा थर रिवाजाचा. तो कधीकधी पहिल्या थराच्या चक्क उलट असतो. उदाहरणार्थ, राक्षसाला ज्या गटाने जास्त इजा केली, त्याला प्रोग्रॅम लूट देतो. म्हणजे बलवान माणसाने येऊन कुणाचाही राक्षस मारला तरी प्रोग्रॅमची हरकत नाही. पण रिवाज म्हणतो, ज्या जागेवर जो आधीपासून बसलाय, ती जागा त्याची. याला ‘कॅम्प’ म्हणतात. तुम्ही त्या भागात गेलात की आधी विचारायचं, कुठली जागा कुणाकडे आहे? मग आपला नंबर लावायचा. मुंबई लोकलने जाणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. “कुठे उतरणार?” असं विचारून आपण सीट धरतो. रेल्वेच्या कुठल्याही नियमात ते नाही, पण तुम्ही विचारून ठेवलेल्या सीटवर दुसरं कुणी बसलं तर अख्खा डबा तुमच्या बाजूने असतो.

असे रिवाज किती घट्ट असतात यावर रॉबर्ट एलिक्सन यांचं 1991 चं एक सुंदर पुस्तक आहे. कॅलिफोर्नियातल्या शास्ता काउंटीमध्ये एकाची गुरं दुसऱ्याच्या जमिनीत शिरली तर लोक काय करतात, हे त्यांनी पाहिलं. लोक कोर्टात जात नव्हते. नुकसानभरपाईचा कायदा नेमका काय आहे, हेही बहुतेकांना नीट माहीत नव्हतं. शेजारधर्म होता, तो मोडणाऱ्याची आधी गावभर चर्चा व्हायची आणि त्यानेही भागलं नाही तर कडक उपाय. माझ्या सर्व्हरवरही व्यवस्थापकांकडे तक्रार जाण्याच्या कितीतरी आधी माणसाचं नाव खराब झालेलं असतं.

मग शिकायचं कसं?

सुरुवातीला मला वाटलं, सोपं आहे, यादी करू. मी चार पानांची नियमावली तयार केली आणि गाईडना दाखवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “ही पाठ करून गेली असतीस तर तिघं वाचले असते का?”

खरं सांगायचं तर नसते वाचले. ‘ट्रेन’ हा शब्द माझ्या वाचनात आधी आला होता. पाच ओर्क मागे लागलेले असताना तो आठवला नाही, एवढंच.

इथे जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांचं 1991 चं छोटंसं पुस्तक कामाला येतं. त्यांचं म्हणणं असं, की शिकणं म्हणजे डोक्यात माहिती भरणं नव्हे. शिकणं म्हणजे एखाद्या गटाच्या कडेला जागा मिळणं आणि हळूहळू आत सरकणं. त्यांचं एक उदाहरण लायबेरियातल्या शिंप्यांचं आहे. तिथे शिकाऊ मुलगा आधी काजं-बटणं आणि हातशिलाई करतो, मग शिवण, आणि कापड बेतायला सगळ्यात शेवटी शिकतो. म्हणजे कपडा तयार होतो त्याच्या बरोबर उलट क्रमाने. कारण बटण चुकलं तर उसवून परत लावता येतं, बेतणं चुकलं तर कापडच गेलं.

आमच्या सर्व्हरवरही अगदी हेच. गटात राक्षसाला खेचून आणण्याचं काम जुना माणूस करतो, कारण ते चुकलं तर सगळे मरतात. नवख्याला सांगतात, पुढचा ज्याला मारतोय त्यालाच तूही मार, बाकी काही करू नकोस. हीच त्याची काजं-बटणं. मी क्रशबोनमध्ये एकटी गेले, म्हणजे पहिल्याच दिवशी कात्री हातात घेतली.

एक शब्द दोन कामं करतो

आता माझ्या संशोधनाचा खरा मुद्दा. लिखित नियम म्हणतो, ‘मुद्दाम’ राक्षस अंगावर घालू नका. पण पडद्यावर मुद्दाम आणि चुकून हे दोन्ही अगदी सारखे दिसतात: एक माणूस पळतोय, मागे ओर्क. चेहरा नाही, आवाज नाही. हेतू कळणार कशावरून?

‘ट्रेन!’ वरून. हा शब्द इतरांना सावध करतो, हे तर झालंच. पण तो आणखी एक गोष्ट सांगतो: “मी तुमच्यातलीच आहे, हे माझ्याकडून चुकून होतंय.” तो लिहिलात तर अपघात, नाही लिहिलात तर गुन्हा. मेलेला माणूस दोन्हीकडे तितकाच मेलेला.

आणि म्हणून शिकवणी कुणाला मिळते, हे कौशल्यावर ठरत नाही. माझ्या नोंदींमध्ये हे पुन्हा पुन्हा दिसतं. चूक झाल्यावर जो लगेच चार शब्द बोलतो त्याला कुणीतरी समजावून सांगतं. जो गप्प राहतो, तो उद्धट ठरतो. पण गप्प राहणारा इंग्रजीत वाक्य जुळवत असेल, किंवा घाबरला असेल. मीही तेव्हा गप्पच होते. तिसऱ्या माणसाने निरोप पाठवला नसता, तर मीही त्यांच्या लेखी उद्धटच राहिले असते.

1999 मध्ये ही अडचण कमी होती, कारण तेव्हा सगळेच नवखे होते. हद्दीजवळ बसलेला आणि हद्दीकडे पळणारा, दोघांनाही आदल्या आठवड्यातच खेळ कळायला लागलेला. आज तोच खेळ पुन्हा उभा केलेल्या सर्व्हरवर राक्षस तेच, किल्ला तोच, पण भोवतालची माणसं वीस वर्षं मुरलेली. त्यांना वाटतं की हे तर सगळ्यांना माहीतच असतं. प्रोग्रॅम जुना करता येतो, माणसांना परत नवखं करता येत नाही. त्यामुळे नवख्याला बसायला जी कड लागते, ती अरुंद होत जाते.

तुम्ही अशा एखाद्या सर्व्हरवर जाणार असाल तर माझ्या चार पानांमधून उरलेल्या तीन गोष्टी सांगते. जागा धरण्याआधी विचारा. चूक झाली की तुटक्या इंग्रजीत का होईना, पण लगेच बोला. आणि पहिले काही दिवस एकटे न फिरता कुणाच्या तरी गटात काजं-बटणं करा.

आणि तुम्ही आधीच आत असाल, तिथे किंवा कुठल्याही ऑफिसात, लॅबमध्ये, तर एक विनंती. मागच्या महिन्यात मी हद्दीजवळ बसले होते. एक तिसऱ्या पातळीचा मुलगा सहा ओर्क घेऊन आला, एक अक्षर न लिहिता. त्याच्या वतीने मीच ‘ट्रेन’ लिहिलं. तरी दोघं मेले, त्यांत मी एक. प्रेत शोधून परत आल्यावर त्याला निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं, नुसतं एक प्रश्नचिन्ह. मग मी सविस्तर लिहायला बसले.