मंडपाच्या सामानासाठी ट्रॉली घेताय? आधी ही चार गणितं मांडा

मंडप-डेकोरेशनचा धंदा सुरू करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात : "सर, घरी ट्रॅक्टर आहे. जुनी ट्रॉली स्वस्तात मिळतेय. घेऊन टाकू का?"

उत्तराआधी एक प्रसंग ऐका. माझ्या बॅचमधल्या एका मुलाने अशीच ट्रॉली घेतली. पहिल्याच लग्नसराईत त्याने पाइप आणि भांडी मागच्या बाजूला भरली, खुर्च्या पुढे. चढावर मागचं वजन खाली दबलं, हूक वर उचलला गेला आणि लॉक नसलेली पिन निसटली. ट्रॉली थेट चारीत! जीव वाचला, पण मंडप उभा राहिला नाही. अ‍ॅडव्हान्स परत द्यावा लागला, गावात नाव गेलं ते वेगळंच. म्हणून घ्यायची घाई नको, आधी गणित.

१. वजनाचं गणित

ट्रॉली बघायला जाण्याआधी सामानाची यादी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे वजन लिहा. प्लास्टिकची एक खुर्ची अडीच किलोची धरली, तर ३०० खुर्च्या म्हणजे ७५० किलो. म्हणजे पाऊण टन नुसत्या खुर्च्याच! पाइप, गाद्या, पातेली, जनरेटर अजून बाकीच आहेत.

आता ट्रॉलीचं आरसी बुक उघडा. एकूण वजनातून रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा करा. जे उरतं तेवढंच भरायचं. "ट्रॉलीत मावतंय ना" हा हिशोब चालत नाही. कायद्याने जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००. मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या मालालाही २०,००० चा दंड आहे, त्यामुळे लांब पाइप मोजूनच ट्रॉलीची लांबी ठरवा.

२. चाकांचं गणित

दोन चाकी ट्रॉली स्वस्त पडते, बोळात रिव्हर्स घ्यायला सोपी जाते. पण तिचं काही वजन ट्रॅक्टरच्या हूकवर येतं, म्हणून भरण्यात शिस्त लागते. जड सामान तळाला, चाकांच्या आसपास आणि थोडं पुढे. हलकं सामान वर. त्या मुलाने नेमकं उलटं केलं होतं. चार चाकी ट्रॉली सुटी केली तरी आपल्या पायावर उभी राहते, पण रिव्हर्स घेताना भल्याभल्यांना घाम फुटतो. लग्न बहुतेक गावातच असेल, तर सुरुवातीला दोन चाकी पुरते.

जुनी घेताना हूकचं भोक झिजून लांबट झालंय का बघा. चासीला जागोजागी वेल्डिंग असेल तर सोडून द्या. चाक जॅकवर उचलून हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलंय.

दोर बांधायला कड्या, मागे लाल रिफ्लेक्टर आणि दिवे, पिनला लॉक : हे फिटरकडून पहिल्याच दिवशी करून घ्या. मंडपवाला रात्रीच परततो, हे विसरू नका. मात्र बॉडीची लांबी-उंची परस्पर वाढवू नका. आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. आधी आरटीओत विचारा.

३. कागदाचं गणित

इथेच सगळे फसतात. ट्रॅक्टरचे कागद म्हणजे ट्रॉलीचे कागद नव्हेत. कायद्याने ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. नोंदणी आणि विमा शेतीकामासाठी असेल आणि तुम्ही भाड्याचं सामान नेत असाल, तर अपघातानंतर विमा कंपनी त्याच मुद्द्यावर दावा अडवू शकते. वरच्या प्रसंगातल्या मुलाचं हेच झालं. ट्रॉली स्वस्त होती, भरपाई मात्र खिशातून गेली. आणि सामानावर मजूर बसवणं तर अजिबात नको. त्यांच्यासाठी वेगळी गाडी करा.

४. अंतराचं गणित

भरलेला ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चालला असं धरा. ४० किलोमीटरवरच्या कामाला जायला दोन तास, यायला दोन तास. त्या वेळात दुसरी ऑर्डर हातची जाते. बहुतेक कामं लांबची असतील, तर छोटा टेम्पो परवडतो. कामं आसपासच्या पाच-सात गावांतली असतील, तर ट्रॉली बरी.

मग माझा सल्ला काय? पहिला सीझन भाड्याच्या गाडीवर काढा. प्रत्येक फेरीचं अंतर, वजन आणि भाडं वहीत लिहा. समजा सीझनला २५ फेऱ्या झाल्या आणि फेरीला १,५०० रुपये गेले, तर भाडं झालं ३७,५००. आता त्यासमोर ट्रॉलीचा हप्ता, डिझेल, ड्रायव्हर, विमा आणि टायर मांडा. कुठला आकडा लहान आहे, ते तुमची वहीच सांगेल.

धंद्यात गाडी दारात उभी असणं ही शान नाही, मित्रांनो. वेळेवर मंडप उभा राहणं ही शान आहे. आज रात्रीच वही घ्या आणि पहिली ओळ लिहा : खुर्च्या किती, वजन किती!