देवराईतील लहान सस्तन प्राणी व गावची कुटुंबे

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस वसलेल्या अनेक गावांत भैरव, वाघजाई, काळकाई अशा ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले रान असते. त्यास देवराई, तर कोठे देवरहाटी म्हणतात. या रानात कुऱ्हाड चालवू नये, पडलेली काटकीही घरी नेऊ नये, असा कित्येक गावांचा पूर्वापार दंडक आहे. त्यामुळे भोवतालचा डोंगर उघडा पडला, तरी देवराईत जुने वृक्ष, अजस्र वेली व पुष्कळदा एखादा जिवंत झरा टिकून राहिला. १९७० नंतरच्या दशकात डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि या रानांचे मोल विद्वानांच्या ध्यानी आणून दिले.

हे रान देवीच्या धाकाने राखले गेले. परंतु रस्ता, नवे मंदिर किंवा लाकडाचा भाव यांपुढे नुसता धाक फार काळ टिकत नाही. धाक ओसरेल तेथे ओळख उभी राहिली पाहिजे. ही ओळख शाळेने एकट्या मुलाला करून देण्यापेक्षा मुलासह त्याच्या घराला करून द्यावी, कारण देवराईविषयीचे निर्णय मोठी माणसे घेतात, आणि रानाविषयीचे ज्ञानही बहुतांशी त्यांच्यापाशीच असते.

देवराईतील रहिवासी

वाघ-सिंह मुलांना चित्रांतून ठाऊक असतात. पण शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहणारे लहान सस्तन प्राणी पुष्कळदा अपरिचित असतात. त्यांतील दिवसा दिसण्याजोगे दोन. पहिले मुंगूस, दुसरे शेकरू. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून उंच झाडांच्या शेंड्यांवरूनच तो वावरतो व क्वचितच जमिनीवर उतरतो. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली प्रामुख्याने त्याच्यासाठीच घोषित झाले.

बाकीचे बहुतेक निशाचर. उदमांजर, ज्यास कांडेचोर असेही म्हणतात, रात्री फळे, किडे व उंदीर खात हिंडते. साळिंदर कंदमुळे उकरते. खवले मांजर मुंग्या व वाळवी यांवर जगते. त्यास दात नसतात, लांब चिकट जिभेनेच ते भक्ष्य टिपते. दाट व ओल्या रानात पिसोरी असते. खूर असलेल्या भारतीय प्राण्यांत ती सर्वांत लहान होय. तिला शिंगे नसतात. वटवाघळे उडत असली तरी पिलांना दूध पाजतात, म्हणून तीही सस्तनच.

प्राणी नव्हे, प्राण्याच्या खुणा

निशाचर प्राणी दिवसा दिसावा अशी अपेक्षा धरून मुले रानात गेली, तर ती निराश होऊन परततात. अथवा बिळात काठ्या खुपसू लागतात. यास्तव आरंभीच सांगावे, की आपण प्राणी धरावयास जात नसून त्याच्या खुणा वाचावयास जात आहोत.

पहिली खूण पावलांची. पाहणीच्या आदल्या संध्याकाळी, गुरव व गावकरी यांच्या संमतीने, देवराईच्या पायवाटेवर हातभर रुंदीची मऊ, चाळलेली माती पसरून ती फळीने सारखी करावी. सकाळी तीवर रात्रीची ये-जा उमटलेली असते. रानमांजराच्या पावलात चार बोटे दिसतात व नखे उमटत नाहीत. उदमांजराची पाच बोटे उमटतात. सशाचे ठसे मुलांना कोड्यात टाकतात. उडी घेताना त्याचे मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. म्हणून मोठे ठसे ज्या बाजूस, त्या बाजूस ससा गेला, असे समजावे.

दुसरी खूण विष्ठेची. उदमांजराची विष्ठा पुष्कळदा खडकावर किंवा पडलेल्या ओंडक्यावर आढळते व तीत फळांच्या अखंड बिया असतात. भेरली माडाच्या बिया अशाच रानभर पसरतात. काटकीने बिया मोकळ्या करून दाखवाव्या. हात लावू नये. एका रात्रीत हे जनावर किती झाडे पेरते, हा विचार मुलांच्या मनात आपोआप येईल, आणि ज्याला गावाने चोर म्हटले तो रानाचा माळीही आहे, हे घरच्या मंडळींनाही पटेल.

यांखेरीज फांद्यांच्या टोकांशी काटक्या व पानांची गोलसर घरटी दिसली, तर ती शेकरूची. एकच शेकरू अनेक घरटी बांधतो. म्हणून घरटी मोजून शेकरूंची संख्या ठरवू नये. वाळवीचे फोडलेले वारूळ, वाटेवर गळलेला साळिंदराचा काटा, कुरतडलेले जुने हाड, याही खुणाच होत. साळिंदर हाडे कुरतडते ते त्यांतील चुन्याच्या अंशासाठी.

घरातील ज्ञान व घरातील समजुती

एका वेळी चार-पाच कुटुंबेच न्यावी. गर्दी झाली की रान मुके होते. गुरे राखलेले आजोबा, हिरडा वेचणारी आई यांना पुढे करावे व शिक्षकाने ऐकावे. त्यांना अशी कित्येक बिळे, पाणवठे व फळांचे हंगाम माहीत असतात, जे पुस्तकात नाहीत.

त्याबरोबर काही समजुतीही निघतील. त्यांची थट्टा न करता त्या तपासून पाहाव्या. साळिंदर काटे फेकून मारते, असे म्हणतात. वस्तुतः ते पाठमोरे होऊन शत्रूवर चाल करते आणि सैल काटे शत्रूच्या अंगात रुतून राहतात. मुंगूसवेलीची मुळी खाऊन मुंगूस विष उतरवते, अशी समजूत आहे. खरे कारण त्याची चपळाई, दाट केस आणि नागाच्या विषास पुष्कळशी दाद न देणारी त्याची शरीररचना हे होय. चिचुंद्री उंदरासारखी दिसते, पण ती उंदराच्या कुळातील नाही; ती कीटक खाते. खवले मांजराचे खवले औषधी मानले जातात. परंतु ते आपल्या नखांसारख्याच द्रव्याचे बनलेले असून त्यांत औषधी गुण नाही.

या शेवटच्या समजुतीने त्या निरुपद्रवी प्राण्याचा घात केला आहे. संकट आले की ते अंगाचे वेटोळे करून स्वस्थ पडते. वाघापुढे हा उपाय पुष्कळदा चालतो, माणसापुढे मात्र नाही; तो ते वेटोळेच उचलून पोत्यात घालतो. मादीला बहुधा एका वेळी एकच पिलू होत असल्याने झालेली हानी लवकर भरून येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असून त्याच्या शिकारीस किमान ३ वर्षे कैदेची शिक्षा आहे.

येथे शिक्षकाने विशेष जपावे. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी शिकार होत असेल. 'कोणाच्या घरी जाळी आहे?' असा प्रश्न कधीही विचारू नये. तो मूल व घर यांत अंतर पाडतो आणि दुसऱ्या दिवसापासून ते कुटुंब पाहणीस येत नाही. तद्वत् खवले मांजराचे बीळ सापडल्यास त्याची जागा वहीत लिहू नये, छायाचित्र काढून फिरवू नये. वनरक्षकास मात्र कळवावे.

सावधगिरी

पायांत बूट व अंगभर कपडे असावे. पालापाचोळ्यात हात घालू नये. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाचे रुग्ण आढळले. हा रोग गोचिडीच्या चाव्याने होतो. म्हणून घरी परतताच अंग तपासावे, आणि मेलेले माकड दिसल्यास त्याजवळ न जाता आरोग्य केंद्रास कळवावे. कोणताही प्राणी चावल्यास वा ओरखडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. एकटे सापडलेले पिलू घरी आणू नये. बहुधा त्याची आई जवळच असते.

देवराईची वही

शाळेत एक वही ठेवावी. तिच्यात तारीख, दिसलेली खूण, ती पाहणाऱ्या कुटुंबाचे नाव व वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती नोंदवावी. पावलांची मापे घेणे हे गणित, ती रेखाटणे ही चित्रकला, आणि आजीचे बोलणे तिच्याच शब्दांत उतरवणे हा भाषेचा उत्तम पाठ होय. मोठ्या मुलांनी महिनावार कोष्टक केले, म्हणजे कोणते फळ पिकल्यावर कोणाच्या खुणा वाढतात, हे त्यांचे त्यांनाच उमगेल.

वर्षाअखेर ही वही पालकसभेत मुलांकडून वाचवून घ्यावी व तिची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. पुढे देवराईतील झाडांविषयी ग्रामसभेत प्रश्न निघेल, तेव्हा त्या रानात कोण कोण राहते हे तेथे बसलेल्या घरांना नावानिशी ठाऊक असेल.