कचेरीतले जुने फोन ज्येष्ठांच्या हाती

डब्लिनमधल्या एका मोठ्या कचेरीत मोबाइलचा हिशेब पाहणे हे माझे काम. शेकडो फोन असले की पैसे बोलण्यावर कमीच जातात. नोकरी सोडून गेलेल्यांची सिमकार्डे चालू राहतात, खरी गळती तिथे. म्हणून न वापरलेली सिम आम्ही दर महिन्याला शोधून बंद करतो. दुसरा खर्च प्रवासाचा. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार नाही, पण भारत त्या नियमात येत नाही. मुंबईला उतरताच फोन आपोआप इंटरनेट ओढू लागतो. डेटा रोमिंग विमानातच बंद करावे; घरच्यांनाही मी हेच बजावतो.

कचेरी काही वर्षांनी फोन बदलते. जुना फोन नातवंडांशी व्हिडिओवर बोलायला पुष्कळ झाला. मात्र आधीच्या मालकाचे ॲपल वा गूगल खाते काढले नसेल, तर तो कुलूपबंदच राहतो. सुरक्षेचे अपडेट थांबलेल्या फोनवर ज्येष्ठांनी बँकेचे व्यवहार करू नयेत.

एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांना लिव्हिंग अलोन इन्क्रीज आणि फ्युएल अलाउन्स दोन्ही मिळत असतील, तर सरकार आठवड्याला २.५० युरो टेलिफोन भत्ताही देते. आपल्या पावतीवर तो आहे का, हे जरूर पाहावे.

आपल्या कचेरीतून फोन बाद होत असल्यास वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी, खाते व सिम काढावे आणि चार्जरसह फोन न्यासाच्या सेवा समितीकडे द्यावा, ही नम्र विनंती.