करार झाला, तरी कांदा अडतो

मुक्त व्यापार करार म्हणजे सीमा सताड उघडी, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात करारातले देश एकमेकांच्या मालावरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवतात, एवढेच. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्यामध्ये वसलेल्या खडकीतल्या दुकानदाराला हे चटकन पटेल: २०१३ मध्ये दोन्ही महापालिकांची जकात गेली, पण ट्रकमधल्या मालाची बिले दाखवणे काही सुटले नाही.

दक्षिण आशियातल्या सार्क देशांचा ‘साफ्टा’ हा मुक्त व्यापार करार २००६ पासून लागू आहे. त्यातही संवेदनशील यादी (सवलतीतून वगळलेला माल) असते आणि उगम-नियम (माल खरोखर कुठल्या देशात तयार झाला, हे ठरवणाऱ्या अटी) पाळावे लागतात.

साफ्टातलाच बांगलादेश हे नाशिकच्या कांद्याचे मोठे गिऱ्हाईक. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये भारतानेच कांद्यावर निर्यातबंदी घातली. ती मे २०२४ मध्ये उठली. मधल्या काळात काही ठरावीक कोटा तेवढा सरकारी परवानगीने गेला. शुल्कातली सवलत आयातदाराला मिळते. शेजारी माल विकेलच, याची हमी तिच्यात नसते. लासलगावच्या शेतकऱ्याला हा फरक कुणी समजावून सांगायला नको.

पाकिस्तानही साफ्टात आहे. तरी २०१९ मध्ये भारताने त्याच्या मालावर २०० टक्के आयात शुल्क लावलेच.