एका मनोऱ्याचं से कॅथेड्रल

पनवेलला रात्री कोकणकन्येत बसा आणि सकाळी मडगावची वाट न बघता करमळीलाच उतरा. जुने गोवे तिथून हाकेच्या अंतरावर. रिक्षातून उतरल्यावर समोर जे पांढरंशुभ्र चर्च दिसतं, ते से कॅथेड्रल. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, "काम अर्धवट राहिलं का हो?" एका बाजूला मनोरा आहे, दुसऱ्या बाजूला नुसतं आकाश!

काम पुरं झालं होतं. पण झटपट मात्र नाही. पाया घातला १५६२ मध्ये, तेव्हा तालिकोटची लढाईसुद्धा व्हायची होती. इमारत उभी राहिली १६१९ मध्ये. आतल्या वेद्या संपता संपता १६५२ उजाडलं. तोवर शिवाजी महाराज बावीस वर्षांचे झाले होते. नव्वद वर्षं! मग १७७६ मध्ये दोनांपैकी एक मनोरा कोसळला. तो आजतागायत कुणी बांधला नाही.

'से' म्हणजे बिशपची गादी. हे चर्च सेंट कॅथरिनच्या नावाने आहे. तिचंच नाव का? पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, नेमका तिच्या सणाचा. मुख्य वेदीवरच्या सोनेरी चौकटींत तिचीच गोष्ट कोरली आहे. ती जवळ जाऊन, एकेक चौकट निरखत बघा.

आकार? लांबी २५० फूट, रुंदी १८१ फूट, दर्शनी भिंत ११५ फूट, म्हणजे अकरा मजली इमारतीएवढी. आणि हे सगळं आपल्या कोकणातल्याच जांभ्या दगडात, वर चुन्याचा गिलावा! बाहेरचे खांब साधे, तस्कन पद्धतीचे. आत पाऊल टाकलं की कोरीव कोरिंथियन थाट. मला तर हा बदल फारच आवडतो. आतल्या एका चॅपेलमधला लाकडी क्रूस हळूहळू वाढतो, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

दर दहा वर्षांनी गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव समोरच्या बॉम जीझस चर्चमधून इथे दर्शनाला आणतात. गेल्या वेळी, २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत, ते इथेच होतं.

रेंगाळलेल्या चर्चचं नाव निघालं की लोक बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाकडे बोट दाखवतात. तिथे १८८२ मध्ये काम सुरू झालं आणि आंतोनी गौदीने १९२६ मध्ये ट्रामचा धक्का लागून प्राण सोडले, तेव्हा बरंच बांधायचं बाकी होतं. मधल्या मनोऱ्याची उंची त्याने १७२.५ मीटर ठरवली, कारण माँटजुइकची टेकडी त्याहून थोडी उंच आहे आणि देवाच्या निर्मितीवर माणसाने कुरघोडी करू नये, असं त्याला वाटे. गौदीच्या हयातीत त्याचा मनोरा पुरा व्हायचा राहिला, गोव्याचा पुरा होऊन पडला. दोन्हींकडे नजर आपोआप वर जाते, पण माझं मत से कॅथेड्रललाच. त्या रिकाम्या बाजूमुळे उरलेला मनोरा जास्तच डौलदार दिसतो.

आणि त्याच मनोऱ्यात गोव्यातली सगळ्यात मोठी घंटा आहे, सुवर्णघंटा. पडला तो दुसरा.