सिस्टर शिकते कुठे? नर्सिंग कॉलेज आणि माजी सैनिकांची रुग्णालयं

डॉक्टर दिवसातून दहा मिनिटं भेटतात, बाकी सगळा वेळ रुग्ण सिस्टरच्या हाती असतो. माजी सैनिकाची सेवा करणारी ही सिस्टर शिकते कुठे, आणि शिकताना तिला माजी सैनिक भेटतो का, हा आजचा विषय.

आधी अमेरिकेकडे पाहू. तिथे माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचं स्वतंत्र जाळं आहे, त्याला 'व्हीए' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो सैनिक घरी परतले आणि डॉक्टर कमी पडू लागले. तेव्हा, १९४६ साली, जनरल ओमर ब्रॅडली प्रमुख असताना व्हीएनं आपली रुग्णालयं मेडिकल कॉलेजांशी जोडायला सुरुवात केली. नर्सिंगसाठी तसाच मोठा प्रयोग २००७ मध्ये झाला. गेन्सव्हिल, सॅन दिएगो, सॉल्ट लेक सिटी आणि कनेक्टिकट ही पहिली चार ठिकाणं. पुढे अशा १५ भागीदाऱ्या झाल्या.

अडचण काय होती? नर्सिंगला यायला मुलं-मुली तयार होत्या, पण शिकवणारे कमी होते. म्हणून पात्र विद्यार्थ्यांनाही प्रवेश नाकारावा लागे. उपाय साधा होता. व्हीएच्या अनुभवी नर्सेस कॉलेजात शिकवू लागल्या, कॉलेजचे प्राध्यापक व्हीएच्या वॉर्डात येऊ लागले. जागा वाढल्या. विद्यार्थ्यांचं प्रत्यक्ष कामाचं शिक्षण बरंचसं एकाच व्हीए रुग्णालयात होऊ लागलं. कॉलेजला शिक्षक मिळाले, रुग्णालयाला माणसं ओळखणाऱ्या भावी नर्सेस मिळाल्या.

आता आपल्याकडे या. सेवेतल्या जवानाची व्यवस्था चांगली आहे. पुण्याच्या एएफएमसीसारख्या कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या मुली लष्करी रुग्णालयातच शिकतात आणि मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कमिशन घेतात. पण जवान पेन्शनवर गावी गेला की त्याचा आधार म्हणजे २००३ साली सुरू झालेल्या ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक आणि यादीवरचं खासगी रुग्णालय. तिथली सिस्टर बहुधा नागरी कॉलेजातून आलेली. फौजी रुग्ण वेगळा का, हे तिला कुणी शिकवलेलंच नसतं.

वेगळा म्हणजे काय? तोफखान्यातल्या माणसाला कमी ऐकू येत असेल, तर गोळ्या कशा घ्यायच्या हे तो नुसती मान डोलावून 'समजलं' म्हणतो. हिमदंश झालेल्या पायाची संवेदना कमी असू शकते. त्याला गरम पाण्याची पिशवी लावली तर भाजेल आणि त्याला कळणारही नाही. कंबरेखाली लुळा पडलेल्या जवानाला वेळेवर कूस बदलून दिली नाही तर पाठीला जखमा होतात आणि त्या जिवावर बेततात. आणि दुखतंय का विचारलं, तर आपला गडी म्हणणार, "ठीक आहे सिस्टर."

हे पुस्तकातून येत नाही, सहवासातून येतं. म्हणून जिल्ह्याच्या नर्सिंग कॉलेजनं पॉलिक्लिनिकशी लेखी करार करावा. पॉलिक्लिनिकमध्ये खाटा नसतात, त्यामुळे वॉर्डातलं शिक्षण तिथे होणार नाही. पण ड्रेसिंग, मधुमेह्याच्या पायाची तपासणी, औषधं समजावणं आणि घरभेटी नक्की होतील. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरसारख्या ठिकाणी काही दिवस घालवले, तर कूस बदलणं म्हणजे काय ते कायमचं कळेल. मात्र सोबत कॉलेजचा शिक्षक हवाच. पॉलिक्लिनिकचे कर्मचारी कंत्राटी आणि कामानं वाकलेले, त्यांच्या गळ्यात विद्यार्थी मारून चालणार नाही.

सुरुवात कोण करणार? बेळगाव असो, इंदूर असो की सातारा, माजी सैनिक संघटनेनं एक पत्र कॉलेजच्या प्राचार्यांना आणि एक स्टेशन हेडक्वार्टर्सला द्यावं. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना मध्ये घ्यावं. तोवर एक काम आजच करा. रुग्णालयात गेलात की सिस्टरला आपणहून सांगा, "मी फौजेत होतो, अमुक ठिकाणी होतो, हे हे झालंय." आणि दुखत असेल तर दुखतंय म्हणा.

जय हिंद.