कात्रणांची पेटी

थंडीच्या दिवसांत पांघरावयाची गोधडी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे पदर एकावर एक अंथरून त्यांवर धावदोरा घातला, की गोधडी तयार होते. तिची आखणी कागदावर लिहिलेली नसते. ती शिवणारीच्या हातात असते. आजीचा हात पाहून आई शिकते आणि आईचा हात पाहून मुलगी शिकते. परंतु शेजारी बसून शिकणारे कोणी नसेल, तर ती आखणी शिवणारीबरोबरच नाहीशी होते. हे टाळावयाचे असेल, तर नमुना कागदावर उतरला पाहिजे आणि तो कागदही नीट जपला गेला पाहिजे. या दोहोंपैकी दुसरे काम अधिक अवघड आहे. ते कसे साधावे, हे अमेरिकेतील गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांच्या उदाहरणावरून चांगले कळते.

त्या देशात कापडाचे त्रिकोण, चौकोन व पट्ट्या जोडून प्रथम एक चौकट शिवतात. अशा अनेक चौकटी एकमेकींस जोडल्या, की गोधडीचा दर्शनी पदर पुरा होतो. चौकटीतील तुकड्यांची मांडणी म्हणजेच नमुना. असे नमुने तेथील मासिकांतून व वृत्तपत्रांतून छापून येत. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्राने १९२८ साली ते छापण्यास आरंभ केला आणि १९६१ पर्यंत हजाराहून अधिक नमुने प्रसिद्ध केले. त्यांत वाचक स्त्रियांनी स्वतः धाडलेले नमुनेही पुष्कळ होते. खेड्यापाड्यांतील स्त्रिया ते कापून घेत आणि पेटीत ठेवीत.

परंतु पेटीत ठेवले म्हणजे जपले, असे नव्हे. वृत्तपत्राचा कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा असतो. उजेड व हवा लागून तो पिवळा पडतो, त्यात आम्ल वाढते आणि काही वर्षांनी तो घडीवर तुटू लागतो. म्हणून कात्रणाची घडी करू नये. ते सपाट ठेवावे. टाचणी लावू नये, कारण ती गंजते. चिकटपट्टीही लावू नये, कारण तिचा डिंक कागदात मुरून डाग पडतो. प्रत्येक कात्रण वेगळ्या पाकिटात घालून कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावे. पाकिटावर नियतकालिकाचे नाव व तारीख लिहावी; नमुना धाडणारीचे नाव छापले असेल, तर तेही लिहावे. कात्रीने कापताना बहुधा हीच माहिती गळून जाते, आणि मग तो नमुना कोणाचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

जुन्या कात्रणाची चांगल्या कागदावर एक प्रत करून घ्यावी आणि कामासाठी तीच वापरावी. मात्र प्रत केल्यावर तिची मापे मूळ कात्रणाशी ताडून पाहावीत. प्रत किंचित लहान झाली, तरी प्रत्येक तुकड्यातील तूट साठत जाते आणि गोधडी ठरल्या मापाची होत नाही.

आता राहिला प्रश्न मांडणीचा. नमुने नावांच्या अकारविल्हे लावावेत, असे प्रथम वाटते. पण येथे एक अडचण आहे. एका नमुन्यात मधोमध पट्ट्यांची फुली असते आणि चारही कोपऱ्यांत नख्यांसारखे त्रिकोण असतात. त्याला कोणी ‘अस्वलाचा पंजा’ म्हणतात, कोणी ‘चिखलातील बदकाचे पाऊल’, तर कोणी ‘मैत्रीचा हात’. चौकट एकच, नावे तीन! शोधणारीला ठाऊक असलेले नाव आणि पाकिटावरील नाव वेगळे असले, तर नमुना पेटीत असूनही सापडावयाचा नाही.

बार्बरा ब्रॅकमन या अभ्यासक स्त्रीने या अडचणीतून वाट काढली. त्यांनी नमुने नावांवरून न लावता शिवणीच्या रेषांवरून लावले. चौकट कशी विभागली आहे, तिचे चार भाग होतात की नऊ, मध्ये फुली आहे की तारा, हे पाहून त्यांनी वर्ग पाडले, प्रत्येक नमुन्यास क्रमांक दिला आणि त्यापुढे त्याची निरनिराळी नावे नोंदविली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कोशात चार हजारांहून अधिक नमुने आहेत. नाव ठाऊक नसले, तरी केवळ गोधडी पाहून तिचा नमुना त्यात शोधता येतो.

घरच्या लहान संग्रहासही हीच रीत लागू पडते. पाकिटे आकृतीप्रमाणे लावावीत आणि नावांची यादी एका वहीत वेगळी ठेवावी. ‘चिखलातील बदकाचे पाऊल’ या नावापुढे ‘अस्वलाचा पंजा पाहा’ एवढे लिहिले, तरी पुरे.

तुम्हीही विणकामाचे, रांगोळीचे किंवा चित्रांचे नमुने कापून ठेवीत असाल. एखादे दिवशी ती पेटी उघडा आणि त्यातील एक ठरावीक नमुना शोधून काढण्यास धाकट्या भावंडास सांगा. तुमच्या मदतीवाचून तो त्यास सापडला, तर तुमचा संग्रह चांगला जपला गेला आहे असे समजा. ज्या हातांनी तो नमुना प्रथम रचला, त्यांचे श्रमही मग वाया गेलेले नाहीत.